घंटा वाजली म्हणून उठलो

मी तिसरीपर्यंत शिकलोय, त्यामुळं पाटी वाचल्याबिगर मी कुठं शिरत न्हाई. पुण्यातला घोळ वाचल्यामुळंच झाला.

नातीला, कोमलला, स्थळ आल्तं. मुलाकडची माणसं मूळची आमच्याच जिल्ह्यातल्या मंठ्याची, आता पुण्यात. "संध्याकाळी नाटकाला या, तिथंच बोलू," असा त्यांचा निरोप. मी, कोमल अन् तिचा बाप दत्ता, आम्ही तिघं जालन्याहून निघालो. दत्ता रस्ताभर एकच बोलून राह्यला, "आप्पा, तिथं वाद घालू नका. सोयरीक मोडंल."

"मी कधी वाद घालतो?" (यावर दत्तानं गाडीतला रेडिओ मोठा केला!)

दत्ता अन् कोमल गाडी लावायला गेले. मी पाटी वाचली. रं-ग-मं-दि-र. मंदिर! वहाणा दारात काढल्या. समोरून नारळ आणला. दारावरचा माणूस म्हणला, "आजोबा, नारळ आत नेता येणार नाही." शहरातल्या देवाला चालत नसंल! नारळ वहाणांपाशी ठेवला.

आत खुर्चीत बसल्यावर दत्तानं माझे पाय पाह्यले.

"आप्पा, वहाणा?"

"देवळात कुणी वहाणा घालून येतं का?"

"अहो, हे देऊळ न्हाई, थेटर हाय!"

"मंग पाटी खोटी हाय का?"

तेवढ्यात मुलाचे आईवडील शेजारी येऊन बसले अन् दत्ताला गप बसावं लागलं. अन् घंटा वाजली! मी दत्ताकडं बघितलं, आता बोल. उठलो, डोळे मिटून हात जोडले.

दत्तानं धोतर ओढलं. "आप्पा, बसा!"

"आरतीला बसत न्हाईत!"

मागचा गृहस्थ बायकोला म्हणला, "अगं ऊठ, राष्ट्रगीत आहे!" तो उठला, ती उठली, त्यांची रांग उठली. मी हयातभर मेंढरं राखलीत. एक उठलं की बाकीची काय करतेत, मला बराबर ठाऊक हाय. बघता बघता सगळं थेटर ताठ उभं! मुलाचे वडील बी उभे, छाती काढून. वरून कुणीतरी ओरडलं, "सुरू करा की कुणीतरी!"

सुरू झालं ते नाटक. पडदा सरकला. आत एक बाई मेथी निवडत बसल्ती. सगळं गाव उभं बघून ती बी जुडी घेऊन उभी राह्यली! आम्ही तिच्याकडं बघतोय, ती आमच्याकडं. मंग आतून कुणी म्हणलं, "कृपया बसून घ्या," तवा लोकं बसली, अन् "पहिला कोण उठला?" म्हणून सगळे माझ्याकडं बघायला लागले. दत्तानं तोंड रुमालात घातलं. त्याच्या हिशोबानं सोयरीक गेली.

मध्यंतरात मुलाचे वडील म्हणले, "पाव्हणे, तुम्ही का उठलात?"

"घंटा झाली म्हणून. तुम्ही का उठलात?"

ते खो खो हसले. मंग ते कोमलकडं वळले. "पोरी, घरी आजोबांचं कोण बघतं?"

"मीच. शाळेत होते तवापासून."

ते बायकोला म्हणले, "आता दुसरं काय विचारायचं? ह्यांना सांभाळलेली पोरगी आपल्या पोराला तर झोपेत सांभाळंल!"

सोयरीक तिथंच पक्की. म्हंजे ती मी जमवली. मी घरात हे रोज सांगतो, पण एकजण बी कबूल करीना. एवढी हट्टी माणसं माझ्याच घरात कुठून आली, देव जाणे!