झेंडूच्या पदराची पैठणी

आईच्या लग्नातली पैठणी वांगी रंगाची होती, काठ हिरवे. तिच्या वडिलांनी ती येवल्याच्या एका विणकराकडून मुद्दाम विणून घेतली. पदरावर मोर हवेत, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. घ्यायला गेले तर पदरावर झेंडूची फुलं, टपोरी, पाकळी न् पाकळी वेगळी दिसणारी. विणकर म्हणाला, "जन्मभर मोरच विणतोय. एकदा मनासारखं केलं. नको असेल तर ठेवून जा." ते ठेवून आले नाहीत. तसा पदर त्याने पुन्हा कधी विणला नाही, असं आई सांगायची. खरंखोटं मला माहीत नाही. तिच्यामागे मी पैठण्यांवरची पुस्तकं चाळली, त्यांत मला झेंडू सापडला नाही.

लग्न होऊन आई पिंपळवंडीला आली आणि साडी पुष्कळ वर्षं पेटीत पडून राहिली. नव्वदनंतर कधीतरी शेजारच्या मुलीच्या लग्नात आईने ती पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला नेसवली. मग दर लग्नसराईत कुणी ना कुणी मागायला येऊ लागलं. आई नाही म्हणत नसे. अट एकच, नेसवायला ती स्वतः जाणार आणि साडी स्वतः परत आणणार. मी तिच्याबरोबर पिशवी धरून जायची. नवरीच्या खोलीत बायकांची दाटी, पावडरचा वास, आणि आई तोंडात पिना धरून खाली बसलेली.

"सरळ हुबी ऱ्हा गं. म्हशीवानी काय हालतीस? नवरा काय पळून नाय चालला."

"वैनी," दारातून कुणीतरी म्हणायचं, "निम्म्या गावाचं लगीन ह्या एका साडीसंगं लागलंय."

"मग? साडीनं कुणाला तरास दिलाय का? नवऱ्यांचं मी सांगत न्हाई."

घरी आल्यावर ती साडी सावलीत पसरायची. काठात अडकलेले तांदळाचे दाणे नखाने काढायची. हळदीचे दोन डाग होते, ते कुणाच्या लग्नातले हे तिला पाठ होतं. अशीच एकदा घडी घालताना म्हणाली, "मी आदी गेले न् तुजे दादा मागं ऱ्हायले, तर मला हीच नेसवा."

दादा म्हणजे आमचे वडील. आमच्याकडे सवाष्ण गेली की तिला नवरीसारखी सजवून नेतात. हिरवा चुडा, मळवट, ओटी. लग्नातली साडी जपून असेल तर तीच.

"मग मला काय राहील?" मी विचारलं.

"तुला पुस्तकं हायेत की."

पुढे तिच्या हृदयाचं दुखणं निघालं. मी तेव्हा मंचरला शाळेत शिकवत होते, सुट्टी काढून घरी आले. तिची लहानपणची मैत्रीण पेठला दिलेली होती. तिच्या मुलीचं लग्न ठरलं आणि ती साडी मागायला आली. आईला खाटेवरून उठवत नव्हतं. पहिल्यांदाच साडी तिच्याशिवाय घराबाहेर गेली. निऱ्या कुठून घ्यायच्या, पदर किती सोडायचा, हे तिने उशीला टेकून त्या बाईला सांगितलं, मग पुन्हा सांगितलं, आणि दमून डोळे मिटले.

त्या लग्नाच्याच दिवशी सकाळी आई गेली.

भाऊ नाशिकहून यायचा होता. त्याला दुपार टळणार होती, तोवर न्यायचं नाही असं ठरलं. काकू पेटी उघडायला निघाली, तेव्हा मला आठवलं. मी सांगितल्यावर सगळे दादांकडे बघू लागले.  ते मला म्हणाले, "जीपमधी जा. पोरीनं नेसली नसंल तर घेऊन ये. नेसली असंल तर अंगावरनं काढाया लावू नको. अन् मांडवात बातमी सांगू नको."

चुलतभावाने जीप हाणली. पेठला पोचलो तर मंगलाष्टका सुरू होत्या. सुतकातली मी, मांडवात शिरले नाही. बाहेरूनच दिसलं. आंतरपाटामागे मान खाली घातलेली नवरी, आणि तिच्या खांद्यावरून उतरलेला झेंडूचा पदर. निऱ्या आईसारख्याच पडल्या होत्या. दाराशी एक म्हातारे फेटेवाले अक्षता वाटत होते.

"घ्या ताई. बाहीर का हुबं?"

"गाडीत माणूस आहे," मी म्हणाले आणि वळले.

चुलतभावाने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि जीप चालू केली. 

नारायणगावहून कुणीतरी हिरवी साडी आणली. खळीची होती. काकू आणि मी आईला नेसवत होतो तर तिच्या निऱ्या बसेनात, सारख्या फुगून वर येत होत्या. काकू रडत म्हणाली, "हिला काय वाटत आसंल गं." भाऊ पाचच्या सुमाराला आला. ऊन उतरताना आम्ही तिला नेलं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, खाली उतरेनात. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असली की असं होतं म्हणतात. एकेकाने हात जोडून सांगून पाहिलं. भाऊ म्हणाला, दादांना सांभाळीन. काकू म्हणाली, पोरीकडं बघीन. कावळे हलले नाहीत.

तेवढ्यात पेठची ती मैत्रीण आली. तिला आदल्या दिवशी कळलं होतं. पिशवीतून तिने पैठणी काढली, पिंडाशेजारी पानावर ठेवली आणि वाकून म्हणाली, "आणली गं बाई तुजी साडी. बघ तरी."

कावळे तरीही उतरले नाहीत. मग काकूने तिला हलक्या आवाजात सांगितलं, की पोर त्या दिवशी येऊन मांडवाच्या दारातून परत गेली.

ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, मग थांबायचं की. अक्षता पडल्या न् घटकाभरात तिनं सासरचा शालू नेसला. ही तवाच पिशवीत घातली. दिसभर खुटीला लटकत व्हती."

 लग्न लागलं की नवरी माहेरची साडी सोडते आणि सासरची नेसते, हे आमच्यातल्या शाळकरी पोरीलाही सांगावं लागत नाही. आई कितीदा तरी त्या बदललेल्या साडीची घडी घेऊनच घरी आली होती, आणि पिशवी माझ्या हातात असायची.

दुपार चढली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. मंडळी पाय धुऊन निघाली. साडी मी उचलली. दादा माझ्याबरोबर मागे राहिले. काठावरच्या दगडांतून चालताना त्यांनी माझा दंड धरला होता.

"साडी घटकाभरात सुटती, हे तुला ठावं नव्हतं का?" त्यांनी विचारलं.

"होतं."

ते थांबले. धाप लागली होती.

"मलाबी व्हतं," ते म्हणाले.