कोरी सोडलेली जागा

गुरुवारी सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये होतो. डेक्लन अंकल गेले. मला रडू येण्याआधी एक नाव आठवलं. चार दिवस मी ते घोकत होतो, कारण ते लिहायची मला मनाई होती.

सिंगापूरमध्ये, सेम्बावांगला आमच्या मजल्यावर, शेवटच्या फ्लॅटमध्ये अंकल राहायचे. आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावातून तरुणपणी बोटीवर निघाले, इथल्या जहाजांच्या कारखान्यात लागले, इथंच लग्न केलं, इथंच एकटे उरले. मी करमाळ्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. इथं आल्यावर फोनवर बोलताना घाम फुटायचा. अंकलनी सहा महिने रोज संध्याकाळी समोर बसवून माझ्याकडून इंग्रजी बोलून घेतलं. ते उपकार फिटायचे नाहीत.

मागच्या वर्षी त्यांच्या गावच्या शाळेतल्या बाईंचं पत्र आलं. गावात आता मासेमारी उरली नव्हती, हेरिंग मासे खारवायची कोठी पडली होती, निम्मी घरं सुट्टीपुरती उघडत. मात्र किनाऱ्यावरच्या प्रत्येक खडकाला जुन्या कोळ्यांनी नाव दिलेलं होतं. ती सगळी नावं माहीत असलेले अंकल एकटेच उरले होते. बाईंनी कोरा नकाशा पाठवला. मग दर रविवारी अंकल सांगायचे, मी लिहायचो... पाद्र्याची खुर्ची, दोन बहिणी, मिठाचं घमेलं. दक्षिणेकडून सरकत बंदराच्या तोंडाशी असलेल्या खडकापाशी आलो की ते नकाशावरचं बोट उचलायचे आणि म्हणायचे, "चहा." चहानंतर गाडी पुढच्या खडकावर.

माझी मुलगी म्हणाली, "पपा, अंकल डझंट वॉन्ट टू से, लाह. डोन्ट आस्क." मी विचारलं नाही. त्याहून वाईट केलं. उत्तरपत्रिकेत जागा कोरी सोडू नये, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. मी त्या खडकापाशी 'अज्ञात' लिहून टाकलं. अंकलनी ते वाचलं, खोडरबर मागितलं, स्वतः खोडलं. पुढचे तीन रविवार दार उघडलं नाही. आतून खोकला मात्र ऐकू येई, आणि तो दर आठवड्याला वाढत होता.

चौथ्या रविवारी ते हॉस्पिटलमध्ये होते, नाकाला ऑक्सिजन. मी पेन काढलं.

"ठेव ते. फक्त ऐक."

मग थांबत थांबत सांगितलं. ज्या खडकावर कुणाचा जीव गेला, त्या खडकाचं नाव, मेलेल्याच्या मागे राहिलेलं शेवटचं माणूस जिवंत असेपर्यंत, गावात कोणी उच्चारत नाही, लिहीत नाही. त्या खडकावर त्यांच्या धाकट्या भावाची होडी फुटली होती.

"मागे राहिलेला शेवटचा मीच. गप्प राहून मेलो तर नावही जाईल... आणि मी असताना लिहिलंस तर माझ्याच्यानं बघवणार नाही."

"मग, अंकल?"

"पाठ कर. पोरा, परीक्षा तर पास होत आलायस ना?"

त्यांनी तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले.

पुढचे चार दिवस एमआरटीच्या गाडीत, जेवताना, मीटिंगमध्ये मी ते नाव ओठांतल्या ओठांत म्हणत होतो. विसरलो तर गावाचा एक खडक कायमचा बुडेल ही धास्ती. आणि लिहायला मिळावं असं मनात आलं की स्वतःचीच लाज वाटायची.

गुरुवारी घरी येऊन, बूट न काढता मी ते लिहिलं. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ उंबरठा. बंदराच्या अगदी तोंडाशी, गावातल्या प्रत्येक खिडकीतून दिसणारा.

नकाशा बाईंकडे गेला. त्याची प्रत माझ्या टेबलासमोर आहे. रविवारी मुलगी दक्षिणेकडून नावं वाचते. उंबरठ्याशी आली की थांबते, माझ्याकडे बघते, आणि मी उठून चहा ठेवतो.