अंगाचा रंग

आमच्या घरात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यावर माझ्या थोरल्या दिरांनी तैलरंगानं ‘अंग’ असं लिहून ठेवलंय. त्यात माणसाच्या कातडीचा रंग असतो, म्हणजे पांढऱ्या रांगोळीत चिमूटभर पिवळा, चिमूटभर लाल आणि सावलीपुरता विटकरी. राजा असो, संत असो की सिनेमातली नटी, आमच्याकडे सगळ्यांना अंग याच डब्यातून मिळतं. बावीस वर्षं तो डबा मीच भरत आले.

माझं माहेर भुईगावचं. तिथल्या रेतीच्या अंगणात ठिपकेसुद्धा धड उमटायचे नाहीत. लग्न होऊन जूचंद्रला आले तर इथे पुरुष माणसं जमिनीवर पालथी पडून, श्वास रोखून माणसांचे चेहरे काढत होती. डोळ्यांत तरारलेलं पाणी, नाकावरचा घाम, सदऱ्याची शिवण, सगळं रांगोळीचं. पहिल्याच वर्षी एका संतमहात्म्याला मी खरंच रांगोळी आहे का बघावं म्हणून बोट लावलं आणि त्याचं नाक गेलं. दीर ओरडले नाहीत. त्यांनी माझ्या हातात चाळणी दिली आणि म्हणाले, “रंग चाळ.” तेव्हापासून मी चाळतेच होते.

चाळता चाळता बाकीचंही आलं. फोटोवर बारीक चौकोन आखायचे, तेवढेच मोठे चौकोन जमिनीवर आखायचे आणि एकेका चौकोनातलं जसंच्या तसं उतरवायचं. दिरांचं गणित हमखास कानापाशी चुकायचं. मी हळूच म्हणायचे, “भाऊजी, कान एक चौकोन वर गेलाय.” ते मान न वळवता कान खाली आणायचे. प्रदर्शनात प्रत्येक रांगोळीच्या पायथ्याशी कलाकाराच्या नावाची पाटी असते. चौकोन आखणारीची पाटी नसते. मला त्याचं वाईट वाटायचं नाही असं मी सगळ्यांना सांगायचे, आणि ते धादांत खोटं होतं.

नवरात्रात आमच्या गावच्या हॉलमध्ये नऊ रांगोळ्यांचं प्रदर्शन भरतं. नायगाव, बोळिंज, पार मुंबईहून लोक येतात. मी सांगतेय त्या वर्षी दिरांची मुलगी अमेरिकेत शिकत होती. तिनं फोनवरून वडिलांना फर्मावलं, “बाबा, देवीचे नऊ दिवस आणि तुम्ही राजे काय काढत बसता? नऊ बायका काढा. इथल्या काढा.” जगाला न घाबरणारे माझे दीर लेकीच्या शब्दाबाहेर नाहीत. पोरीनं नऊ फोटो पाठवले आणि प्रत्येकीची हकीकत स्वतःच्या आवाजात बोलून पाठवली.

त्या हकीकती आम्ही दोघींनी, म्हणजे मी आणि सासूबाईंनी, स्वयंपाकघरात ऐकल्या. फोन मिसळणाच्या डब्याला टेकवलेला, मी भाकऱ्या थापतेय, त्या वाल सोलताहेत. एक बाई एकटीच विमान घेऊन अख्खा समुद्र ओलांडून गेली. सासूबाई म्हणाल्या, “येकटी? आनि चूल कोन बगीत होता?” एकीला ना दिसत होतं ना ऐकू येत होतं, तरी एका शिक्षिकेच्या हाताखाली शिकून ती पुस्तकं लिहायला लागली. तिथे त्या सोलायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, “तिची मास्तरीन भारी होती गो.” एक काळी बाई कामावरून दमून परत येताना बसमधली जागा गोऱ्या माणसासाठी सोडायला तयार झाली नाही. “नाय उठली? बरा केला!” असं म्हणत त्यांनी वालाची शेंग अशी काही फोडली की दाणा मोरीत गेला. बायकांना धावू देत नव्हते त्या शर्यतीत धावलेली एक होती, बायकांना दारात उभं करत नव्हते त्या कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडलेली एक होती.

नववी बाई गणितवाली. माणसाला अंतराळात सोडायचं, तो कुठून कसा जाईल, कुठे उतरेल, हे कागदावर हातानं मांडणाऱ्या बायका तिकडे होत्या, त्यांतली ती. वर्णानं काळी, म्हणून तिच्यासारख्यांची बसायची खोली वेगळी. मोठ्या लोकांच्या अहवालात आकडे यांचे आणि नावं दुसऱ्यांची. माझी भाकरी तव्यावर करपली. मी पुतणीचा तो निरोप परत लावला, मग आणखी एकदा लावला.

नऊ कलाकारांनी फोटो वाटून घेतले. माझ्या नवऱ्याला विमानवाली मिळाली, दिरांनी स्वतःसाठी बसवाली ठेवली. गणितवालीला कुणी हात लावेना. फोटो जुना, काळा-पांढरा, चष्मा, साधी कॉलर. “यात दाखवण्यासारखं काय आहे?” असं सगळ्यांचं मत. शेवटी जो सर्वांत लहान होता त्याच्या गळ्यात ती पडली, आणि घटस्थापनेला तीन दिवस असताना त्याला डेंगी झाला.

दिरांनी डोक्याला हात लावला. तेव्हा माझा नवरा, जो घरात आठवड्याला मोजून दहा वाक्यं बोलतो, मान वर न करता म्हणाला, “ती काढेल.”

ती म्हणजे मी. दीर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “काढ. पन घटस्थापनेला चार वाजता मी बघनार. नाय जमली तर वर चटई टाकायची आनि आठच दाखवायच्या. नावाची पाटी तवाच लिवू.” त्यांनी खरोखरच कोपऱ्यात एक गुंडाळलेली चटई आणून उभी केली. तिच्याकडे पाठ करून बसायचं मी तिथल्या तिथे ठरवलं.

तीन दिवस मी त्या कोपऱ्यात होते. दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, कारण वाऱ्याची एक झुळूक आली की सगळं संपलं. कान पहिल्या फटक्यात जागेवर बसला. चष्म्याच्या काचेवरचा उजेड जमला तेव्हा मी स्वतःशीच हसले. घटस्थापनेच्या सकाळी आठ वाजता चेहरा पुरा झाला होता. नवऱ्यानं बघून “हं” म्हटलं. त्याचं “हं” म्हणजे इतरांची आरती असते.

तेवढ्यात गुडघे धरत सासूबाई आल्या. हातात चहाचा पेला. रांगोळीशी उभ्या राहून त्यांनी नीट बघितलं आणि विचारलं, “ही कंची?”

“गणितवाली, आई. ती नाही का, अंतराळवाली.”

“ती तं काली होती. पोर सांगत होती.”

मी खाली बघितलं. मला इतका वेळ दिसलंच नव्हतं. बाई गुलाबी-गोरी, गालांवर लाली, कुठल्याही साबणाच्या जाहिरातीत शोभेल अशी. माझा हात सवयीनं ‘अंग’ लिहिलेल्या डब्यात गेला होता, आणि मी तीन दिवस तोच रंग सोडत राहिले होते.

“फोटो काळा-पांढरा होता ना, आई. आणि रांगोळीत थोडं उजळच काढतात.”

सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, “गोरी असती तं तिला येगली कशाला बसवली असती?”

माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये फोटोवाल्यानं मला इतकी धुऊन काढली आहे की माझी सख्खी मावशी विचारते, ही कोण. मला बघायला आलेल्या एका स्थळानं “रंग जरा दबलेला आहे” म्हणून पोह्यांची बशी तशीच ठेवली होती. ती बशी मी आजतागायत विसरलेले नाही. आणि आज त्या बाईला जमिनीवर मान मिळणार, तर मीच तिच्या तोंडाला चुना फासून बसले होते. मला स्वतःचा असा संताप आला की कान तापले.

“पुसते,” मी म्हटलं.

नवरा दचकला. “आठ वाजलेत. चारला दादा येईल.”

“येऊ दे.”

पोस्टकार्डाच्या कडेनं मी तो गोरा चेहरा एकेक थर करत उचलायला लागले. चष्मा वाचवायचा होता, डोळे वाचवायचे होते, ओठांची कड वाचवायची होती. दहा वाजेपर्यंत चष्मा, डोळे आणि ओठ सोडून नुसती फरशी उरली. आता पेच रंगाचा. बावीस वर्षं रंग कालवणाऱ्या मला काळ्या माणसाच्या अंगाचा रंग माहीत नव्हता. चॉकलेटी रंग घेतला तर बाई लाकडी दिसायला लागली. काळा घातला तर मातकट, निर्जीव झाली. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी घटासाठी आणलेल्या सामानातली गेरूची पुडी माझ्याकडे सरकवली. मी गेरू घेतला, कोळशाची पूड घेतली, थोडा जांभळा घेतला, किंचित निळा.

पण जमला की नाही हे ताडून कशावर बघायचं? फोटो मुका होता. मग मी बाही वर सारली आणि चहाच्या गाळणीनं तो रंग स्वतःच्या हातावर भुरभुरवला. पहिल्यांदा तो राखेगत वेगळा पडला. गेरू वाढवला, कोळसा कमी केला. चौथ्या की पाचव्या खेपेला कोपराखाली टाकलेला रंग हातावर दिसेनासाच झाला. फक्त उन्हानं रापलेल्या जागी आणि मनगटाच्या आतल्या फिक्या बाजूला त्याची कड कळत होती. म्हणजे सावली आणि उजेड दोन्ही मला हातावरच मिळाले. तिचा वर्ण अगदी माझ्यासारखाच होता असा माझा दावा नाही. पण एवढं नक्की, की ‘अंग’ म्हणताना मी बावीस वर्षांत एकदाही माझ्या अंगाकडे बघितलं नव्हतं.

मग मात्र हात सुटला. कपाळ भरलं, गाल भरले. गालाच्या उंचवट्यावर अगदी पुसटसा निळा उजेड ठेवला, आणि ती बाई जमिनीतून उठून बसल्यासारखी झाली. उपास होता, पाण्याचा घोटही घेतला नव्हता, तरी मला तहान लागली नव्हती. मी गाणं गुणगुणत होते असं नवरा सांगतो. शक्य आहे.

चार वाजता दीर आले. कोपऱ्यातली चटई त्यांनी काखेत घेतली आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मग उकिडवे बसले, इतके जवळ वाकले की मला त्यांच्या श्वासाची धास्ती वाटली.

“हा अंगाचा रंग कुटल्या डब्यातला?”

मी हात पुढे केला. कोपरापासून मनगटापर्यंत रंगाचे पट्टे अजून तसेच होते. त्यांनी हाताकडे बघितलं, रांगोळीकडे बघितलं. मग वळून हॉलच्या दुसऱ्या टोकाला, त्यांच्या बसवालीकडे. ती छान गव्हाळ, टवटवीत दिसत होती. दीर उठले आणि निघून गेले.

ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात रिकामी वाटी होती. गावात ज्यांना सगळे गुरू म्हणतात ते माझे थोरले दीर वाटी पुढे करून मला म्हणाले, “उरलाय का गो जरासा? माझीबी चुकलीय.”

मी वाटी शिगोशीग भरून दिली. तिला थोडा जास्त गेरू लागेल, उजेड डावीकडून आहे, हेही सांगितलं. त्यांनी मान डोलावली. प्रदर्शन त्या दिवशी सहाऐवजी साडेसातला उघडलं. बाहेर रांगेत उभे असलेले लोक कुरकुरत होते आणि आत दीर पालथे पडून एका बाईचा चेहरा पुन्हा भरत होते.

दार उघडण्याआधी त्यांनी पाटी आणि ब्रश घेतला. “काय लिवू?”

“माझं नाव.”

“निस्ता? नवऱ्याचा नाय?”

“नुसतं.”

त्यांनी लिहिलं. अक्षर सुरेख आहे त्यांचं. मी तोंडावर पदर घेऊन रडले, आणि कुणी का रडतेस म्हणून विचारलं नाही हे फार बरं झालं.

चटई मात्र वाया गेली नाही. ती माझ्या रांगोळीशेजारी अंथरली गेली आणि तिच्यावर सासूबाई बसल्या, त्या नऊही दिवस उठल्या नाहीत. बोळिंजहून माणसं आली, कॉलेजच्या मुली आल्या, मोबाइल पुढे करून फोटो काढू लागल्या. प्रत्येकाला थांबवून त्या सांगत, “ही अमेरिकेची बाय. काली होती म्हनून तिला येगली बसवीत. पन मानूस आभालात सोडला तो हिच्या आकड्यावं.” लोक माना डोलावत पुढे निघाले की त्या त्यांना परत बोलवायच्या, काठीनं पाटी दाखवायच्या आणि म्हणायच्या, “हा बी वाचून जा.”