बाई कोणाला देतात

बाई नव्या मुलाला स्वतः पाणी द्यायच्या. त्याचा ग्लास रिकामा होईपर्यंत त्याला आम्हा शिकाऊ समुपदेशकांपैकी कोणाकडे पाठवायचं, हे त्यांचं ठरलेलं असायचं. परळच्या आमच्या विद्यापीठ समुपदेशन केंद्राच्या त्या प्रमुख.

नाव बहुतेक वेळा रेवाचं यायचं. रेवा दादरची, घरात सगळे डॉक्टर. मी सांगोल्याची, घरातली पहिली पदवीधर. ती मुलाला घेऊन आत जायची, दार लागायचं आणि बाहेर माझा जळफळाट व्हायचा. एकदा मी म्हटलंच, "बाई, मलाही शिकायचंय."

"शिकशील गं. पण तो काही तुला शिकवायला आलेला नाहीये."

मग एक दिवस हॉस्टेलची एक मुलगी आली. "मला घरला जायाचंय," एवढंच म्हणाली. अगदी आमच्याकडची बोली. मी हाक यायच्या आधीच उठून उभी राहिले. बाईंनी तिला रेवाकडे दिलं.

संध्याकाळी मी विचारलं, तर म्हणाल्या, "तू तिला तुझीच गोष्ट सांगितली असतीस. मग ती हट्टाने इथे राहिली असती. तिला खरंच घरी जायचं असेल तर?"

दिवाळीनंतर ती गावाजवळच्या कॉलेजात गेली. जाताना रेवाच्या हातात पेढे ठेवले, चेहरा अगदी मोकळा. बाईंकडे तिने पाहिलंही नाही.

"तुम्हाला काही वाटत नाही?"

"हेवा वाटतो," बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "रोज वाटतो. मीही हेच काम करायला आले होते. पण सगळी मुलं मीच घेतली, तर तुम्ही शिकणार कुठे?"

तरी एक मुलगा त्यांनी कधीच कोणाला दिला नव्हता. निवृत्त होताना तो त्यांनी माझ्याकडे सोपवला. रेवाकडे नाही, माझ्याकडे. पहिल्या भेटीत तो काय बोलला ते इथे लिहिणार नाही. त्याच्या मनातली बाईंची जागा मला कधी मिळेल असं वाटेना, एवढं मात्र सांगते.

त्याच रात्री बाईंचा फोन आला.

"आला होता का गं? काय म्हणाला?"

"बाई, ते मला सांगता येणार नाही."



"बरं. माझं नाव तरी काढलं का?"

मी फोन तसाच कानाशी धरून ठेवला. बाईही फोन ठेवत नव्हत्या.