ऑटोमोबाइल लाइनमधले मेश्राम

हेमचंद्रला सायकल चालवता येत नव्हती असं म्हटलं तर अन्याय होईल. उतारावर त्याला ती फार छान यायची. चढ आला की मात्र त्याचा गुडघा धरायचा, मग तो मागून येणाऱ्या भाड्याच्या पिकअपमध्ये सायकलीसकट चढायचा आणि माथ्यावर उतरून, हेल्मेट सारखं करून, स्वतःचा फोटो काढून घ्यायचा. २०१०च्या जुलैत झांबियातल्या लुसाका ते चिपाटा रस्त्यावर गुणवंत मेश्राम हे सोंग रोज बघत होता आणि मनातल्या मनात रोज थुंकत होता.

मग हा गेला कशाला त्याच्याबरोबर? तर टोरांटोच्या मराठी मंडळाच्या पिकनिकला एकदा हेमचंद्रच्या सायकलची चेन अडकली. नॉर्थ यॉर्कच्या कॉन्डोत राहणारा, मूळचा पुण्याचा हा प्रोग्रॅम मॅनेजर. कार्बन फायबरची सायकल बाळगतो, पण चेनला हात लावायचा तर टिश्यू पेपर शोधतो. गुणवंतने दोन मिनिटांत चेन बसवून दिली. हेमचंद्र खूश झाला, तुम्ही भलतेच हॅन्डी आहात, झांबियाच्या सायकल टूरला चलाच म्हणाला, आणि कुठे शिकलात म्हणून विचारू लागला. गुणवंतने सांगून टाकलं की प्लान्टमध्ये ट्रेनिंग असतं. धादांत खोटं. टोरांटोजवळच्या केंब्रिजच्या कार प्लान्टमध्ये तो क्वालिटी इंजिनिअर होता, गाड्यांच्या दारांच्या फटी मोजायचा. तिथे सायकलचं ट्रेनिंग कोण कशाला देईल?

शिकला तो बापाच्या हाताखाली. तुळशीराम मेश्राम नागपूरला इंदोऱ्याच्या चौकात पंक्चर काढायचे. दुकान कसलं, ताडपत्री, पाण्याचं घमेलं आणि हवेचा पंप. आंबेडकर असोसिएशनच्या लोकांना हे ठाऊक होतं. तिथे कोणाचा बाप गिरणीत, कोणाचा रेल्वेच्या रुळावर, लाजायचं कोणी कोणाला? पण मराठी मंडळात ‘वडील काय करायचे हो?’ असा प्रश्न दुसऱ्याच भेटीत येतो. पहिल्यांदा आला तेव्हा गुणवंत म्हणाला, ऑटोमोबाइल लाइनमध्ये होते. मग तेच चिकटलं. पंधरा वर्षं तो तेच सांगत आला, आणि ते कधी उघडं पडू नये म्हणून जपत आला. पोटच्या पोरीलाही तेच सांगितलं. धम्मप्रिया लहान असताना डाव्या अंगठ्याचं नख असं दुभंगलेलं का म्हणून विचारायची, तेव्हाही कारचं दार लागलं म्हणाला. हेमचंद्रची त्याला किळस यायची ती उगाच नाही. सोंग करणाऱ्याला दुसऱ्याचं सोंग बरोबर ओळखू येतं.

तरी टूरला तो हौसेने गेला. कॉलेज सुटल्यापासून लांब सायकल मारली नव्हती. आणि तिकडे रस्त्यावर बघतो तर काय, सगळ्या ओळखीच्या काळ्या सायकली! दांड्याचे ब्रेक, मागे रुंद कॅरिअर, त्यावर कोळशाची तीन-तीन पोती, आणि माणूस चढावर पाय न टेकता चाललेला. त्यातल्या बऱ्याच भारतातूनच आलेल्या. गुणवंतला हसू फुटलं. हेमचंद्र पिकअपच्या खिडकीतून त्या माणसांचे फोटो काढत होता आणि ड्रायव्हरला इंग्रजीत सांगत होता की हे लोक इतके गरीब असून किती हॅपी आहेत. तो माणूस हॅपी नव्हता, बाबा. त्याला धाप लागली होती.

पेटाउके गावाच्या अलीकडे हेमचंद्रच्या मागच्या चाकाचे तीन स्पोक तुटले. महाशयांनी सामानात कॉफीचं यंत्र आणलं होतं, उन्हावर चालणारा चार्जर आणला होता. स्पोक एकही नाही. तो म्हणाला तुम्ही बघा काहीतरी, आणि पिकअपमध्ये एसी लावून झोपला.

रस्त्याच्या कडेला आंब्याखाली एक म्हातारा बसला होता. समोर पाण्याचं घमेलं, पंप, जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. गुणवंत जागीच उभा राहिला. क्षणभर त्याला वाटलं, बापच बसलाय. म्हाताऱ्याचं नाव बांडा. त्याने काळ्या सायकलचे जुने स्पोक काढून दिले, ते लांब पडले. गुणवंतने डोक्याकडून कापून पकडीने आकडा केला आणि हबच्या भोकांत अडकवले. चाक तरी डुगडुगतच होतं. आता आउट काढायचा, म्हणजे चाक सरळ करायचं. सायकल उलटी करायची, चाक फिरवायचं, रिमजवळ अंगठ्याचं नख धरायचं आणि जिथे रिम नखाला घासेल तिथला स्पोक चावीने पिळायचा. बाप म्हणायचा, डोळ्याने नाही, नखाने बघ. गुणवंतने डावा अंगठा धरला. बांडाने ते पाहिलं, बसायचा लाकडी ठोकळा मुकाट्याने त्याच्याकडे सरकवला आणि स्वतः जमिनीवर बसला. इतक्या वर्षांत एवढा मान गुणवंतला प्लान्टच्या कुठल्या बक्षीस समारंभात मिळाला नव्हता.

हेमचंद्र उठला तेव्हा चाक सरळ झालेलं होतं. कोणी केलं म्हणून विचारलं. गुणवंत म्हणाला, ‘त्या म्हाताऱ्याने.’ किती सहज म्हणाला! आतून लगेच चर्र झालं, पण शब्द गेला तो गेला.

नोव्हेंबरात मंडळाने ब्रॅम्पटनच्या एका हॉलमध्ये हेमचंद्रचा स्लाइड शो ठेवला. गुणवंत धम्मप्रियाला घेऊन गेला. माथ्यावरचे फोटो झाले, हॅपी लोकांचे झाले, टाळ्या झाल्या. मग पडद्यावर भिंतीएवढे दोन हात आले. फक्त हात, काळेकुळे, कोपरापर्यंत ग्रीस, फिरत्या चाकाजवळ धरलेला अंगठा. झोपेतून मध्येच जाग आली तेव्हा पिकअपमधूनच झूम करून टिपलेला फोटो. खाली लिहिलं होतं: ‘अशिक्षित, पण कुशल’. हेमचंद्र सांगत होता की या माणसाने शाळेचं तोंडही पाहिलं नसेल, पण हे असं रक्तातच असतं या लोकांच्या. बायका चुकचुकल्या. कोणीतरी त्याचं नाव विचारलं. हेमचंद्र म्हणाला, नाव कुठलं विचारणार, तिथे सगळे सारखेच दिसतात.

गुणवंतची कानशिलं तापली. गप्प बसलं तर ऑटोमोबाइल लाइन शाबूत राहत होती. बोललं तर पंधरा वर्षांची अब्रू याच हॉलमध्ये सगळ्यांदेखत उतरणार होती.

शेजारून धम्मप्रिया हळूच म्हणाली, ‘बाबा, दॅट्स युअर थम्ब.’

तिने ओळखलं. आणि आता हिच्यासमोर पुन्हा खोटं बोलायचं? गुणवंत उठला.

‘हेमचंद्रजी, ते हात माझे आहेत,’ तो म्हणाला. आवाज पार नागपूरचा झाला होता. ‘मी इंजिनिअर आहे. आउट काढायला मले बापानं शिकवलं. तुळशीराम मेश्राम, इंदोऱ्याच्या चौकात पंक्चर काढत. ऑटोमोबाइल लाइनमध्ये नव्हते. ते मीच खोटं सांगत आलो. आणि ज्यानं मले स्पोक दिले त्याचं नाव बांडा.’

हेमचंद्र हसला. या माणसाला हसायला काहीही पुरतं. आधी सांगायचं नाही का म्हणाला, कॅप्शन बदलली असती. आणि खरं सांगू, गुणवंतराव, ओळखूच आले नाहीत हो.

‘कसे येतील? तुम्ही पिकअपमध्ये होता.’

एवढं बोलून तो खाली बसला. मागे कोणीतरी खुदकन हसलं, पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी वळून त्याच्याकडे नवीन माणसाकडे बघावं तसं पाहिलं. पाहा म्हणावं. हेमचंद्रने घाईघाईने पुढची स्लाइड लावली. तीही माथ्यावरचीच निघाली.

धम्मप्रियाने त्याचा डावा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि अंगठ्याचं नख उजेडात धरून पाहिलं. सो इट वॉझन्ट अ कार डोअर, म्हणाली.

‘नाही,’ गुणवंत म्हणाला. ‘हातोडी बसली होती. आजोबांच्या दुकानात.’