आबाजींची शिसारी

पेला हातात आला की आबाजी आधी तो नाकाशी नेत. मग तोंड असं वेडंवाकडं करत, की बघणाऱ्याला वाटावं, आत पालच मेलीय. "कालच्या आमलेटचा वास येतोय. शिसारी येते मला," म्हणत ते पेला पुन्हा राखेनं घासायला घेत. पाहुण्यानं बर्फात बोट घातलं, तरी तेच, "शिसारी येते."

ग्वाल्हेरचं राज्य विलीन होण्याआधी ते एका सरदारांचे आबदार होते, म्हणजे पाण्यापासून दारूपर्यंत सगळी पेयं त्यांच्या हाती. जहागीर गेली, माणसं सुटली, आणि आबाजी फूलबागेजवळच्या सरकारी अतिथिगृहात आले. मी तिथं कारकून होतो.

उन्हाळ्यात ते खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या आपल्या घरी फालसे हातानं कुस्करत, मलमलीतून गाळत आणि साखर घालून जांभळा पाक करत. अतिथिगृहात उंच पेल्यात बर्फ, तळाशी पाक, त्यावर जिन, मग कडेकडेनं सोडा, आणि चमचा एकदाच फिरवायचा. स्वतः थेंबही घेत नसत. "पिणाऱ्याची मला किळस नाही हो. चोरून पिणाऱ्याची आहे," म्हणायचे.

जिनविना केलेलं फालशाचं सरबत दिसायला अगदी तसंच, म्हणून दारूच्या पेल्यावर ते लिंबाची चकती लावत. एका संध्याकाळी अतिथिगृहाच्या नव्या साहेबांनी ती काढायला लावली. दारूबंदीवर भाषणं देणारे बरेच पाहुणे येणार होते. "सब एक जैसा दिखना चाहिए, आबाजी. समझ गए ना?"

"अन् कोणी चुकून उचललं तर?"

"आप अपनी ट्रे सँभालिए."

त्या मेजवानीला बाबूजी आले होते. दारूच्या दुकानांपुढे धरणं धरून तुरुंग भोगलेला हा म्हातारा शहरात सर्वांना ठाऊक होता. बोलता बोलता त्यांनी आबाजींच्याच ट्रेमधला पेला उचलला. साहेबांनी डोळ्यांनी खुणावलं, 'गप्प राहा.' पेला ओठांशी पोचला, तेवढ्यात आबाजींनी त्यांचं मनगटच धरलं.

"बाबूजी, आप मत पीजिए. इसमें शराब है."

काहींनी हातातले पेले हळूच खुर्चीखाली सरकवले. बाबूजींनी पेला परत ठेवला, रुमालानं बोटं पुसली आणि शेजाऱ्याला पाऊसपाण्याचं विचारू लागले. जेवले, आणि साहेबांच्याच मोटारीतून घरी गेले.

सकाळी आबाजींची नोकरी गेली. कारण सांगितलं, पाहुण्याच्या अंगाला हात लावला.

मीच त्यांना ओढत बाबूजींकडे नेलं. त्यांचा एक शब्द पुरला असता. बाबूजी सूत कातत होते. मान वर न करता म्हणाले, "आपने सबके सामने कह दिया. मुझे कितना संकोच हुआ. कान में कह देते. अब मुझे बीच में मत डालिए."

आबाजींनी नमस्कार केला. परतताना सराफ्यातून आम्ही चाललो होतो. एकाएकी ते एका दुकानाच्या पायरीवर बसले. मला वाटलं, ऊन लागलं.

"पाणी आणू का, आबाजी?"

"नको. आत्ता तिथं उभा असताना माझ्या मनात आलं, तो म्हातारा प्यायला असता तर बरं झालं असतं. त्याचं व्रत मोडायला हवं होतं, असं वाटलं मला. मला, आबदाराला!" त्यांनी दोन्ही हात धोतराला खसाखसा पुसले. "आजवर लोकांची शिसारी आली. आज स्वतःची येतेय."

त्याच महिन्यात ते लेकीकडे नागपूरला गेले. गाडी हलताना मी विचारलं, "पुन्हा तशी वेळ आली, तर?"

"तर पुन्हा मनगट धरीन," आबाजी म्हणाले. "मग मनात काहीही येवो."