दोन्ही डब्यांवर चाळीसच

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, धंद्यातल्या माणसाला तर नाहीच. तुम्हाला सांगतो.

आधी एक ऐका. नशिराबादच्या हायवेवरचं माझं ऑइलचं दुकान मला बापाने दिलेलं नाही. रस्त्याकडेला फळी टाकून सुरुवात केली. आज गाडी कुठे जाणार आणि हंगाम कोणता, एवढं सांगा — ऑइल मी सांगतो. त्यात आजवर चुकलो नाही. भावात मला हरवणारा अजून जन्मायचाय, आणि डोकं फिरलं की मी गिऱ्हाईक बघत नाही, हेही खरं.

पिंपळनेरचे एक नाना आहेत — जुन्या ट्रकचे मालक. फैजपूरला केळी भरायला निघाले की माझ्याकडे थांबतात. भर थंडीत एकदा आले. माल काश्मीरला जाणार होता. मी पंधरा-चाळीस काढून दिलं. ते नेहमी नुसतं चाळीस नंबर टाकायचे. आपल्याकडच्या उन्हात ते चालतं, पण बर्फात ते काकवीसारखं घट्ट होतं. डब्यावर '१५ डब्ल्यू ४०' लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यूआधीचा आकडा थंडीचा — पंधरा-चाळीस गारठ्यातही वाहतं. हे मी त्यांना नीट सांगितलं. शपथेवर सांगतो, नीट सांगितलं.

नानांनी ऑइल बोटांवर चोळलं. दुकानात चार माणसं उभी होती.

"दोन्हीवर चाळीसच लिखेल शे ना! मंग हाई पानीनागत कसं? माले येडा समजस का? भेसळ करस का रे?"

भेसळ! मला? तो शब्द मला अजून टोचतो. माणसं हसली. मी पंधरा-चाळीस उचलून ठेवलं आणि चाळीस नंबर काउंटरवर आपटलं. घ्या, जाड घ्या!

इथवर चूक माझी नव्हती — नव्हती ना? मालकाने मागितलं, मी दिलं.

पण नाना पैसे देऊन चहाला गेले आणि त्यांचा ड्रायव्हर सुभाष मागे राहिला. गरीब स्वभावाचा माणूस. हळूच म्हणाला, "भाऊ, वर बरफ राहस. हाई चाली ना?"

तेव्हा खरं बोलायला काय लागलं असतं? नानांच्या नकळत त्याने डबा बदलून नेला असता. पण माझ्या कानात तो शब्द घुमत होता. बर्फात गाडी अडू दे, मग कळेल म्हाताऱ्याला — हेच माझ्या मनात होतं. मी म्हणालो, "चालेल म्हणजे? पळेल. बिनधास्त जा."

बर्फात गाडी अडली. सेल मारून मारून कशीबशी चालू झाली, पण घट्ट ऑइल आत फिरेना आणि इंजिनाची बेअरिंग गेली. केळी तिथेच काळी पडली.

नाना परतताना सुभाषला घेऊन थेट दुकानात आले. ऑइल जाड असताना गाडी त्याने गरम न करता दामटली, असं त्यांचं म्हणणं. सुभाष माझ्याकडे वळला. "भाऊ, सांगा ना नानाले. मी तुमले इचारेल व्हतं ना? तुम्हीच बिनधास्त जा सांगेल व्हतं."

नाना माझ्याकडे पाहत होते. पहिल्यांदाच — मान देऊन. म्हणाले, "तू बरोबर सांगेल व्हतं रे. मीच ऐकं नही." मी जिंकलो होतो. हो म्हटलं असतं तर हातात आलेलं सगळं जाणार होतं.

मी म्हणालो, "मला कुणी काही विचारलं नाही."

नानांनी तिथेच सुभाषच्या हातून किल्ली काढून घेतली. तो भांडला नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हायवेला जाऊन उभा राहिला.

नाना आता मी देईन ते ऑइल नेतात, बोटावर चोळतही नाहीत. चारचौघांत माझं नाव घेतात. आणि सुभाषचा विषय निघाला की त्याला खोटारडा म्हणतात. मी डबे उचलत राहतो.

त्याने विचारलं होतं. माझ्याच काउंटरपाशी, माझ्यावर विश्वास ठेवून विचारलं होतं. ऑइलच्या बाबतीत मी त्या दिवशीही चुकलो नव्हतो. मला सगळं माहीत होतं.